लायलॅकला लवंगेचं पाणी

क्वान देशान यांच्या पत्नीचं आडनाव 'ना'. चिनी भाषेत त्याचा अर्थ काय असेल तो असो. लग्न झाल्यापासून क्वान साहेबांच्या बहुतेक सूचनांना उत्तर म्हणून ते आडनाव पुरेसं पडत आलं होतं. ना याछिन बाईंनी आयुष्यात बिनतक्रार 'हो' म्हटलं ते एकदाच, आणि तेही नवऱ्याला नव्हे. शेन्चेनहून मुलाचा फोन आला, "आई, बाळाला सांभाळायला येतेस का?" आणि बाईंनी फोन कानाला असतानाच दुसऱ्या हाताने कपाटावरची बॅग खाली ओढली.

क्वान साहेबांना कोणी "येता का?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते हार्बिन सोडून जाणार नव्हतेच, दक्षिणेतला उकाडा त्यांना सोसत नाही. पण विचारायला काय हरकत होती? नकार द्यायची संधीसुद्धा माणसाला मिळू नये म्हणजे काय!

जून लागला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या लायलॅकची शेवटची फुलं गळून मातीत मिसळत होती. बाईंनी टॅक्सीत एक पाय ठेवला आणि दुसरा बाहेरच ठेवून सूचना दिल्या.

"म्हाताऱ्या, नीट ऐक. लायलॅककडे लक्ष ठेव. म्हणजे काय, तर काही करू नकोस. बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की एकदा पोटभर पाणी. हिवाळ्यात जमीन गोठायच्या आत एकदा पोटभर पाणी. मधल्या काळात त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"आणि तू कधी येणार?"

"फुललं की येते."

"म्हणजे पुढच्या मे महिन्यात?"

"मग काय, भर थंडीत फुलतं होय लायलॅक?"

क्वान साहेबांना म्हणायचं होतं, "म्हणजे वर्षभर मी एकटा?" पण काही एका हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस टॅक्सीवाल्यासमोर असलं काही बोलत नाही. ते म्हणाले, "जा, जा, इथलं मी बघतो." टॅक्सी गेली. ते वर आले, नूडल्स उकडल्या, त्यावर सोयाबीनची चटणी घातली आणि खाताना त्यांच्या लक्षात आलं की घरात आपल्या भुरकण्याचा आवाज येतो. इतकी वर्षं तो बाईंच्या बोलण्याखाली दबून गेलेला होता.

आता, काही न करणं हे क्वान साहेबांच्या स्वभावात बसत नव्हतं. नोकरीत बसत होतं, ती गोष्ट वेगळी. त्यांनी मनाशी एक त्रैराशिक मांडलं: जितकी निगा जास्त, तितकी फुलं लवकर, जितकी फुलं लवकर, तितकी बायको लवकर. मेऐवजी एप्रिलच्या शेवटी फुललं तर तेवढेच दिवस कमी. लायलॅककडे बघायचंसुद्धा नाही, हा सल्ला तर त्यांना सरळ अपमानच वाटला. शेवटी त्यांनी मोबाईल उघडला आणि तज्ज्ञ शोधला.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण क्वान साहेबांना ती कळायला पुढला मे उजाडायचा आहे, आणि तोवर आपण सगळ्यांनीच अंधारात बसण्यात अर्थ नाही. चिनी भाषेत लायलॅकला म्हणतात तिंगश्यांग. आणि लवंगेलाही म्हणतात तिंगश्यांगच. एक आमच्या थंडीत वाढणारं जांभळ्या फुलांचं झुडूप, दुसरं गरम मुलखातलं मसाल्याचं झाड. क्वान साहेबांच्या घरी दोन्ही तिंगश्यांग होत्या, एक खिडकीखाली आणि एक मसाल्याच्या बरणीत. पण बरणीतल्या वस्तूचं कुठेतरी झाड असतं, हा विचार माणसाच्या मनात सहसा येत नाही.

तज्ज्ञ सापडला तो चीनच्या पार दक्षिण टोकाच्या, बारमाही गरम हायनान बेटावरचा. आडनाव फू, पण मोबाईलवर स्वतःला 'तिंगश्यांग महाराज' म्हणवून घेई. दर आठवड्याला तो मोबाईलसमोर उभा राहून निगेच्या गोष्टी सांगे. त्याचा चेहरा एवढा मोठा आणि मोबाईलच्या एवढा जवळ असे, की मागचं झाड क्वान साहेबांना कधी धड दिसलंच नाही. "तिंगश्यांगला पाणी म्हणजे आईचं दूध," असं महाराज म्हणाले, आणि क्वान साहेबांनी त्याच संध्याकाळी रबरी नळी विकत आणली.

नळी पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघरातून खिडकीबाहेर सोडलेली. वाटेत तळमजल्यावरच्या थोंग काकूंची दोरी. दोरीवर काकूंनी हिवाळ्यासाठी वाळत घातलेल्या वांग्याच्या चकत्या. चार-पाच दिवसांत चकत्यांना पुन्हा वांगी व्हायची स्वप्नं पडू लागली.

"क्वान साहेब!" काकू खालून ओरडल्या. त्यांच्या गळ्याला माईकची कधी गरज पडली नाही. "झाडाला आंघोळ घालताय की मला? आणि याछिनताई वर्षातून दोनदाच पाणी घालायच्या, मी डोळ्यांनी बघितलंय!"

"काकू, आता शास्त्रीय पद्धत आहे."

"तुमच्या शास्त्राला बुरशी आलीय. ही बघा, वांग्यावर!"

काकू थेट वस्ती समितीत गेल्या. समितीच्या छ्यू बाई हातात चहाचा थर्मास घेऊनच चौकशीला आल्या, कारण थर्मासवाचून त्यांना कोणी कुठे पाहिलेलं नाही.

"ही हिरवळ कोणाची?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांची."

"मग त्यातल्या एकाच झाडाला पाणी घालणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय."

"पण हे झाड माझ्या बायकोनं लावलंय."

"कागदोपत्री?"

"खड्डा खणून."

छ्यू बाईंनी थर्मासचं झाकण उघडलं, एक घोट घेतला आणि झाकण लावलं. त्यांच्या डोक्यावर वरून आलेली एक मोहीम होती, 'एक झाड, एक प्रमुख'. प्रत्येक वस्तीत झाडांना जबाबदार माणसं नेमायची होती आणि आजवर कोणी नाव दिलं नव्हतं. गळाला आपणहून मासा लागलेला पाहून बाईंचा आवाज मऊ झाला. "क्वान साहेब, तुम्ही वृक्षप्रमुख व्हाल का?"

वाचकहो, इथे थोडं थांबायला हवं. क्वान साहेब थर्मामीटरच्या कारखान्यातून उपविभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले. तोंडावर सगळे त्यांना विभागप्रमुखच म्हणत, कारण कोणाच्या तोंडावर 'उप' काढणं हे भरल्या पंगतीत एखाद्याच्या फाटक्या मोज्याकडे बोट दाखवण्यासारखं आहे. पण दारावरच्या पाटीवर तो 'उप' शेवटपर्यंत होता, आणि निवृत्तीच्या दिवशी पाटी उतरवतानाही तोच आधी निघाला. त्या माणसाला कोणीतरी नुसता 'प्रमुख' व्हायला बोलावत होतं. पत्नी परत येण्याची त्यांची ओढ खरी होती, पण त्या क्षणी तिच्यात थोडी भेसळ झाली हे कबूल करायला हवं.

पत्र्याची हिरवी पाटी लागली. 'तिंगश्यांग. वृक्षप्रमुख: क्वान देशान. तक्रारीसाठी दूरध्वनी', आणि खाली त्यांचा नंबर. क्वान साहेबांनी पाटीचा फोटो पत्नीला पाठवला. लगेच उत्तर आलं, बाळाच्या रडण्याच्या पार्श्वसंगीतासह: "म्हाताऱ्या, झाडाला नको ते काही करत नाहीस ना?"

"ना," क्वान साहेबांनी तिच्याच आडनावात उत्तर दिलं.

पाटीवरचा नंबर ही घोडचूक होती हे जुलैत कळलं. लायलॅकची पानं पिवळी पडायला लागली आणि फोन वाजायला लागले. "वृक्षप्रमुख बोलताय का? तुमच्या झाडाला कावीळ झालीय." "वृक्षप्रमुख, जिन्यातला दिवा गेलाय." "मी झाडाचा प्रमुख आहे हो, दिव्याचा नाही." "मग दिव्याचा प्रमुख कोण ते सांगा." एका आजींचं मांजर हरवलं तेव्हा त्यांनीही प्रमुखांनाच फोन केला, कारण मांजर झाडावर चढतं. मांजर सापडलं, पण दुसऱ्याच झाडावर, त्यामुळे श्रेय मिळालं नाही.

पिवळ्या पानांबद्दल त्यांनी महाराजांना आवाजी निरोप धाडला. महाराज मोठे सज्जन. स्वतः उत्तर देत.

"क्वान दादा, पिवळी? मग पाणी कमी पडतंय."

क्वान साहेबांनी सकाळच्या पाण्याला संध्याकाळची जोड दिली. कोणी काही बोललं की ते शांतपणे म्हणत, "माझा माणूस हायनानला आहे." जणू तिथे त्यांचं कार्यालयच होतं.

एवढं पाणी जातं कुठे, हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही. तो ऑक्टोबरात थोंग काकूंना पडला. काकूंच्या कै. यजमानांनी हिरवळीखाली कोबी ठेवायला एक छोटं तळघर खणलं होतं, वर फळी आणि फळीवर गवत. हिवाळ्याचा कोबी आत रचून काकू दोन दिवसांनी बघायला गेल्या, तर कोबी होता तिथे नव्हता. तो पोहत होता.

कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो, ते इतकं शब्दशः क्वचितच घडतं. काकूंनी हिरवळीवर उभं राहून क्वान साहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग छ्यू बाईंना ओढत आणलं. पण तिथे एक पेच निघाला. तळघर बेकायदेशीर होतं, म्हणजे समितीच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हतं.

"नसलेल्या तळघरात पाणी शिरू शकत नाही," छ्यू बाई म्हणाल्या.

"मग हा कोबी काय आभाळातून पडला?" काकूंनी एक गड्डा त्यांच्या नाकासमोर धरला. त्यातून पाणी गळून थर्मासवर पडलं.

"कोबीबद्दल समितीकडे काही सूचना नाहीत. तुम्ही आपसात मिटवा."

आपसात मिटलं ते असं: सगळा कोबी क्वान साहेबांच्या घरी सुकायला गेला. बाल्कनी भरली, मग बैठकीची खोली भरली. जो सुकून टिकण्यासारखा नव्हता तो काकूंच्या देखरेखीखाली मोठ्या रांजणात मीठ घालून आंबवायचा होता. कारखान्यात ज्यांनी कधी टाचणी उचलली नव्हती, ते क्वान साहेब बाह्या वर करून कोबीचे थर लावू लागले. "दाबा, दाबा! असं दाबतात? काल जेवला नाहीत का?" काकू रांजणाच्या कडेला उभ्या राहून म्हणत. खरं तर जेवले नव्हतेच. हे काकूंच्या लक्षात आलं असावं, कारण त्या रात्रीपासून रोज एक वाडगा सूप वर येऊ लागलं. शिव्या मात्र चालूच राहिल्या.

त्याच आठवड्यात पत्नीचा व्हिडिओ फोन आला.

"तुझ्या मागे काय आहे?"

"कुठे काय?"

"म्हाताऱ्या, आपल्या सोफ्यावर कोबी बसलाय."

"काकूंना मदत करतोय. शेजारधर्म."

याछिन बाईंनी फोन डोळ्यांजवळ आणला. "तू? कोबीला मदत?" त्या म्हणाल्या. मग बाळ रडलं आणि फोन बंद झाला. क्वान साहेब बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसले. ती थोडी बारीक झालीय का, हे विचारायचं राहूनच गेलं.

थंडी पडली. लायलॅकची उरलीसुरली पानं गळाली. त्याबद्दल क्वान साहेबांनी सहज बोलता बोलता महाराजांना सांगितलं, तर तिकडून किंचाळीच आली. "सगळी गळली? दादा, एकसुद्धा नाही राहिलं?"

"आमच्याकडे गळतातच."

"दरवर्षी? अरे देवा! आणि जगतं ते?" महाराजांना बिचाऱ्यांना दुःख आवरेना. लवंगेची पानं कधी गळत नाहीत. "दादा, तुमच्याकडे सध्या तापमान किती?"

आता हार्बिनचा माणूस हिवाळ्यात 'उणे' म्हणत नाही. म्हणायचं कारणच काय? डिसेंबरात कोणी बावीस म्हटलं तर ते शून्याच्या वर आहे की खाली, हा प्रश्न आमच्याकडे पडत नाही. आयुष्यभर थर्मामीटरवर उणेचं चिन्ह ठळक उमटतं की नाही हे तपासण्यात ज्यांनी नोकरी घालवली, त्या क्वान साहेबांनी सरळ सांगितलं, "बावीस."

"बावीस?" महाराज विचारात पडले. "थोडं गारच म्हणायचं. काहीतरी पांघरूण घाला. आणि मुळं सुकू देऊ नका. कोमट पाणी, आठवड्यातून दोनदा."

महाराज हे सांगत होते ते अर्ध्या चड्डीत आणि बनियनवर. भर डिसेंबरात! क्वान साहेबांना त्यांच्या काटकपणाचं फार कौतुक वाटलं.

पांघरूण म्हणून त्यांनी पत्नीची रजई काढली, लाल कापडावर मोठमोठी पिवळी फुलं असलेली, तिच्या आईनं लग्नात दिलेली. घरात आणखी गोधड्या होत्या. पण झाड तिचं, तर रजईही तिची हवी, असं त्यांना वाटलं. का वाटलं ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. झुडपाला रजई गुंडाळून, सुतळीनं बांधून ते रोज केटलीनं कोमट पाणी घालत. आठवड्यातून दोनदा सांगितलं होतं हे खरं, पण एकट्या माणसाला रोज कुठेतरी जायला बरं वाटतं. झाडाशी ते चार शब्दही बोलत. "आज बाळ बसायला लागलं म्हणे," वगैरे.

उणे बावीसमध्ये जमिनीवर ओतलेल्या कोमट पाण्याचं काय होतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. क्वान साहेबांनाही ठाऊक होतं. पण त्यांचा माणूस हायनानला होता. थरावर थर चढत गेले. आधी लायलॅकभोवती काचेचं तबक झालं, मग त्याचा ओटा झाला, मग ओट्याला जिन्याच्या दाराकडे उतार फुटला. वस्तीतल्या पोरांनी त्यावर पुठ्ठे घालून घसरगुंडी सुरू केली आणि क्वान आजोबांचा जयजयकार केला. रजई पार गोठून अशी घट्ट झाली की तिच्यावर बोट वाजवलं तर दार वाजवल्यासारखा आवाज येई.

छ्यू बाई आल्या त्या खरं म्हणजे चांगल्या कामाला. जिल्ह्यात मोहिमेचा आढावा झाला होता आणि सगळ्या भागात रोज झाडाजवळ जाणारा वृक्षप्रमुख एकच निघाला होता. बाईंच्या एका हातात लाल मखमली पुठ्ठ्यातलं प्रशस्तिपत्र, दुसऱ्या हातात थर्मास. "क्वान साहेब, अभिनंद..." एवढं म्हणून त्यांनी ओट्यावर पाऊल टाकलं. पुढचा 'न' हवेतच राहिला. बाई बसल्या. बसल्या त्या थांबल्या नाहीत. ताठ कण्यानं, थर्मास छातीशी धरून, चेहऱ्यावर कामकाजाचा भाव तसाच ठेवून त्या उतारावरून जिन्याच्या दारासमोरून गेल्या, थोंग काकूंच्या खिडकीखालून गेल्या आणि कचऱ्याच्या पिंपापाशी विसावल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"लागलं का हो?" थोंग काकूंनी खिडकीतून विचारलं.

"समिती याची नोंद घेईल," छ्यू बाई पिंपाला टेकून म्हणाल्या. चहा एक थेंब सांडला नव्हता. प्रशस्तिपत्र मात्र त्या परत घेऊन गेल्या, आणि बर्फ फोडायची नोटीस पाठवून दिली. क्वान साहेबांनी आठवडाभर पहारीनं बर्फ फोडला. पाठीत उसण भरली ती वसंत आला तरी उतरली नाही.

नवीन वर्षाला मुलाकडून फोन आला. सगळे पडद्यावर दाटीवाटीनं बसलेले, डंपलिंग खात. "बाबा, मस्त दिसताय! वृक्षप्रमुख म्हणे!" मुलगा म्हणाला. सूनबाई म्हणाल्या, "बाबांची तब्येत सुधारलीय की!" क्वान साहेब थाटात म्हणाले, "माझं काय, अगदी मजेत." सगळ्यांना बरं वाटलं. फक्त याछिन बाई म्हणाल्या, "माझी लाल रजई दिसत नाही पलंगावर."

"धुवायला दिलीय."

"हिवाळ्यात?"

"गर्दी कमी असते."

एप्रिलअखेर वस्तीतल्या प्रत्येक लायलॅकला कळ्या धरल्या. क्वान साहेबांचं तेवढं काळंठिक्कर उभं होतं. रजई वितळून सुटली होती आणि तिच्यावरची फुलं उतरून मातीला रंग लागला होता. 'आणखी आठवडा' म्हणत त्यांनी एप्रिल घालवला, 'थंडी लांबलीय' म्हणत मेचा पहिला आठवडा घालवला. मग एका सकाळी उठून खिडकी उघडली तर सगळी वस्ती जांभळी झालेली, वासानं हवा जड झालेली. लोक फुलांत नाकं खुपसून पाच पाकळ्यांचं फूल शोधत होते, कारण लायलॅकच्या फुलाला पाकळ्या चारच असतात, पाचांचं सापडलं की नशीब उघडतं. आणि मधोमध एक काटक्यांचा भारा, त्याच्यासमोर हिरवी पाटी, पाटीवर त्यांचं नाव.

इमारतीच्या मोबाईल गटावर फोटोंचा पूर आला. याछिन बाई त्या गटात होत्या. म्हणजे सगळं शहर फुलल्याचं त्या शेन्चेनमध्ये बसून बघत होत्या. पण त्यांनी विचारलं नाही, "आपलं फुललं का?" क्वान साहेबांनी गट पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. ती आता यायचं विसरलीच असेल. बाळ आहे, ऊब आहे, बोलायला माणसं आहेत. कशाला आठवेल?

त्याच दुपारी महाराजांचा नवा व्हिडिओ आला. या खेपेला महाराज पहिल्यांदाच बाजूला सरकले होते आणि मागे एक उंच, हिरवंगार, चकचकीत पानांचं झाड दिसत होतं. "मित्रांनो," महाराज म्हणाले, "तिंगश्यांगची कळी उमलू द्यायची नाही. गुलाबी झाली की खुडायची, उन्हात वाळवायची, आणि मग डुकराच्या मटणात घालायची. अहाहा!" त्यांनी मूठ उघडली. तळहातावर काळ्या, बारीक, डोकं असलेल्या काड्या होत्या.

क्वान साहेब उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मसाल्याची बरणी उघडली, आतली एक काडी काढली आणि मोबाईलशेजारी धरली. मग वास घेतला. मग खुर्ची दूर असल्यामुळे जमिनीवरच बसले.

"फू मास्तर," त्यांनी निरोप धाडला, "तुमची तिंगश्यांग म्हणजे मसाल्याची?"

"मग दुसरी कुठली असते, दादा?"

क्वान साहेबांनी खिडकीतून फोटो काढून पाठवला. तिकडून दबक्या आवाजात विचारणा आली. "दादा, ते बावीस... उणे होतं का?"

"उणे होतं."

"दादा," महाराजांचा आवाज भरून आला होता, "आणि तुम्ही स्वतः तिथे राहता?"

फोन खाली ठेवून क्वान साहेब तसेच बसून राहिले. लोक हसतील, पाटीवरून शाळेतली पोरं टिंगल करतील, याचं त्यांना काही वाटेना. वर्षभर त्यांनी त्या झाडाला घातलं ते पाणी नव्हतं, 'लवकर ये' असं दर दिवशी म्हणणं होतं, आणि तेच म्हणून म्हणून त्यांनी ते मारलं होतं. त्यांनी पत्नीला फोन लावला. थाट आणायचा प्रयत्न केला, पण आला नाही.

"याछिन, आपलं नाही फुललं. फुलणारही नाही. मी मारलं ते. लवंगेचं पाणी घालून." पुढे त्यांना सगळं सांगायचं होतं, नळी, कोबी, बर्फ, रजई. पण ते एवढंच म्हणाले, "मला जमलं नाही."

"बरं," पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

बरं! एवढंच. क्वान साहेब दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. काकूंचं सूप दाराशी निवत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून थोंग काकूंचा आवाज आला, "क्वान साहेब, खाली या! तुमच्या झाडाची तपासणी आलीय!" आता छ्यू बाई पाटी काढायला आल्या असणार, असं समजून ते पायात चपला अडकवून खाली गेले.

लायलॅकसमोर याछिन बाई उकिडव्या बसल्या होत्या, बॅग शेजारी. नखानं खोडाची साल खरवडून बघत होत्या. थोंग काकू होत्या, छ्यू बाई थर्माससकट होत्या, आणखी अर्धी वस्ती होती.

"वरचं सगळं गेलं," बाई मागे न बघता म्हणाल्या. "बुडाशी ओल आहे. कापून टाकलं आणि तू हात लावला नाहीस तर दोन वर्षांत फुलेल."

क्वान साहेब पाटीशी येऊन उभे राहिले. "तू... फुललं की येते म्हणाली होतीस."

"फुललं असतं तर आठवडाभर येऊन, फुलं बघून परत गेले असते." बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पोरगा रोज म्हणत होता, बाबांचं मजेत चाललंय, तू इथेच राहा. सुनेची आईही मदतीला आलीय. मलाही वाटायला लागलं, माणूस प्रमुखबिमुख झालाय, कोबी घालतोय, त्याला आपली काय गरज? मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात तुझा फोन आला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू मला!"

"झाड मेलं म्हणून?"

"माझ्यावाचून तुझं अडतं म्हणून." त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी आवाज चढवून ते झाकलं. "दोनदा पाणी घालायला सांगितलं होतं रे, वर्षातून दोनदा! तेवढं ज्याला जमलं नाही, त्याला एकटं सोडून मी कुठे राहू? उद्या स्वतःलाच काहीतरी पाजून बसशील! आणि माझी रजई, माझ्या आईची रजई!"

वस्ती खो खो हसली. थोंग काकू सगळ्यांत मोठ्यांदा हसल्या आणि छ्यू बाईंच्या थर्मासमधला चहा या खेपेला मात्र सांडला. इतक्या लोकांदेखत इतका अपमान क्वान साहेबांचा उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

"परतीचं तिकीट कधीचं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"काढलंच नाही."

क्वान साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी बायकोची बॅग उचलली, ती पाठीतल्या उसणीसकट दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि तिचा विचार बदलायच्या आत जिना चढायला लागले.